गळ्यावरचा हात

‘ताई, मी २६ वर्षांची पारलिंगी मुलगी. सांगलीत एका क्लासमध्ये दहावीला गणित शिकवते. हॉर्मोन्स सुरू होऊन १४ महिने झाले. चेहरा बदलला, त्वचा बदलली, कंठमणी मात्र आहे तिथेच आहे. भर उन्हाळ्यात स्कार्फ गुंडाळून फळ्यासमोर उभी राहते. गिळताना तो वरखाली होतो म्हणून चारचौघांत जेवत नाही, पाणीही भिंतीकडे तोंड करून पिते. कुणीतरी सांगितलं दाबून दाबून बसतो, म्हणून रात्री इलॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधून झोपते. सहा आठवड्यांनी मावसबहिणीचं लग्न आहे. आई वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हती. परवा तिने कपाटातून तिची ठुशी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि “तू घाल” एवढंच म्हणाली. मी आरशासमोर गळ्याला लावून बघितली. ठुशीच्या बरोबर वर तो. काढून ठेवली आणि रडले. काकू तर आत्तापासूनच विचारतात, “घशाला काय झालंय गं, सारखा स्कार्फ?” एक डॉक्टर म्हणतात, लग्नाआधी तासून देतो, आवाजही बारीक होईल. करून घेऊ का? – अन्वी’ (नाव बदललं आहे.)

अन्वी,

बाकी सगळं नंतर. तो पट्टा आज रात्रीपासून बांधायचा नाही. कात्री घे आणि काप. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात, कंठमण्याच्या मागे आणि खाली श्वासाची वाट आहे. झोपेत तिथे दाब पडू द्यायचा नसतो. आणि दाबून तो बसतही नाही. एवढं वाचून उठलीस आणि पट्टा टाकून आलीस तरी या पत्राचं निम्मं काम झालं.

तो का बसत नाही ते सांगते, कारण १४ महिने तू रोज आरशात वाट बघितली असणार. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला कूर्चेच्या, म्हणजे लवचीक, मऊ हाडाच्या, दोन पाट्या असतात. पुस्तक अर्धवट उघडून उभं ठेवावं तशा त्या पुढे एकमेकींना मिळतात. ही रचना सगळ्यांच्या गळ्यात असते, बायकांच्याही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे ती वाढते आणि पुस्तक जरा मिटतं: पुरुषांमध्ये हा कोन साधारण ९० अंशांचा होतो, बायकांमध्ये १२० च्या आसपास राहतो. कोन चिंचोळा, म्हणून टोक पुढे. त्याच वाढीत स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज फुटतो. एकदा वाढलेली कूर्चा इस्ट्रोजेनने मागे जात नाही, आवाजही चढत नाही. तुझा डोस कमी पडलेला नाही, तुझं काही चुकलेलंही नाही. गोळ्यांच्या हातात ते कधी नव्हतंच. यावर क्रीम, मालिश, प्राणायाम असं काही कुणी विकत असेल तर पैसे देऊ नकोस.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट जेवणाची आहे. भिंतीकडे तोंड करून पाणी पिणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. किती दिवस हे चाललंय? वजन किती उतरलं? लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे, आणि त्यात एक फार वाईट चक्र आहे. जेवण तुटलं की गळा उतरतो. गळा उतरला की कातडीखालचं सगळं वर येतं, शिरा, गळ्याच्या हाडाच्या खळ्या आणि तोही. ज्याला लपवण्यासाठी तू उपाशी राहतेस, तो त्यामुळेच जास्त दिसायला लागलाय. हॉर्मोन्स देणाऱ्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांग. लाज वाटत असेल तर माझ्याकडे पाठवलेलं पत्रच त्यांच्यासमोर ठेव. आणि रात्री विचार थांबत नसतील तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतून बोलता येतं.

आमच्या घराखाली एक मावशी भाजी घेऊन बसतात. साठीच्या पुढच्या, काटक, गळा सगळा शिरांचा. दुपारी त्या तांब्या वर धरून ओठ न लावता पाणी पितात, तेव्हा त्यांचा कंठमणी हनुवटीकडे सरकतो आणि खाली येतो, स्पष्ट दिसतो. मी कित्येक वर्षं त्यांच्याकडून मेथी घेत होते आणि एक दिवस अचानक मला ते दिसलं. त्याआधी दिसलं नव्हतं, कारण मी त्यांच्याकडे बाई म्हणूनच बघत होते आणि माझी नजर गळ्यापाशी थांबायचं कारण नव्हतं. आता तू उद्या स्टँडवर उभी राहून बघ. पाणी पिणाऱ्या, उसाचा रस पिणाऱ्या बारीक अंगाच्या बायका बघ. दहा मिनिटांत दोन-तीन तरी सापडतील.

आणि मग तुझा हात बघ. तू लिहिलेलं नाहीस, पण बोलताना तुझा हात गळ्याशी जात असणार. माझा जायचा. मीही तुझ्याच वाटेने आलेली बाई आहे. हे सदर वाचणाऱ्यांना ते माहीत आहे. बँकेत, रिक्षात, भाजी घेताना, समोरच्याने डोळे वर केले की माझी बोटं हनुवटीखाली. समोरचा माणूस आधी चेहऱ्याकडे बघत असतो, आपला हात त्याची नजर गळ्यावर आणून ठेवतो. स्कार्फचंही तेच: थंडीत तो दिसत नाही, मे महिन्यात वर्गातली चाळीस पोरं त्याच्याकडेच बघतात. काकूंनी कंठमण्याबद्दल विचारलेलं नाही, स्कार्फबद्दल विचारलंय, हे परत एकदा वाचून बघ.

मी ४१ व्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेतली. नीट झाली. जखम भरली, टोक गेलं, आणि त्यानंतर वर्षभर माझा हात तिथेच जात राहिला. रिकाम्या जागेवर. म्हणून सांगते, ही दोन दुखणी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक, लोक ओळखतील ही धास्ती. दुसरं, कोणी नसताना, आंघोळ करताना स्वतःचा हात लागला तरी जे नकोसं वाटतं ते. पहिल्यावर सुरी चालत नाही, ते माणसांत राहून, हळूहळू, सवयीने कमी होतं. दुसरं शस्त्रक्रियेने खरंच हलकं होतं, माझं झालं. तुझ्यात कुठलं किती आहे ते तुलाच पाहावं लागेल. सोपी पारख अशी: एका सुट्टीच्या दिवशी घरात एकटी राहा, स्कार्फ नाही, आरसा नाही. तेव्हाही तो टोचतो का?

टोचत असेल तर शस्त्रक्रिया कर. त्यात नटवेपणा नाही, आणि ‘देवाने दिलंय ते कशाला’ हे सांगणाऱ्यांचं ऐकायची गरज नाही. पण या डॉक्टरांकडे नको, आणि लग्नाआधी तर नकोच.

या डॉक्टरांकडे नको, कारण त्यांनी आवाजाचं सांगितलं ते चूक आहे. कंठमणी तासल्याने आवाज बारीक होत नाही. ही शस्त्रक्रिया वैद्यकीय लिखाणात १९७५ पासून आहे आणि तिच्यातला मोठा धोका नेमका उलटा आहे. त्या दोन पाट्या जिथे मिळतात, तिथे आतल्या बाजूला, साधारण मध्यावर, स्वरतंतूंची पुढची टोकं चिकटलेली असतात. सर्जन वरची कड आणि पुढचं टोक तासतो, खालचा भाग सोडतो. हाव करून जास्त तासलं तर तंतूंचा आधारच सुटतो, आवाज घोगरा आणि खाली जातो, कधीकधी कायमचा. म्हणून जाणते सर्जन घशात बारीक दुर्बीण घालून तंतू नेमके कुठे आहेत ते आधी पाहतात आणि मग किती काढायचं ते ठरवतात. तू दिवसाला चार-पाच तास शिकवतेस. तुझी भाकरी त्या आवाजावर आहे.

मलाही पहिल्यांदा भेटलेल्या डॉक्टरांनी ‘एकदम सपाट करून देतो’ म्हणून सांगितलं होतं. मी दुसरीकडे गेले. तिथल्या बाईंनी कागदावर चित्र काढलं, एक रेघ मारली आणि म्हणाल्या, याच्या खाली मी जाणार नाही, थोडा उंचवटा राहील. राहिला. त्या चित्रावर माझा विश्वास बसला, ‘एकदम सपाट’वर बसला नव्हता. वयामुळे माझी कूर्चा हाडासारखी कडक झाली होती, म्हणून यंत्राने घासावी लागली. तुझ्या वयात ती मऊ असते, म्हणजे दोन-तीन वर्षं विचारात गेली तरी काही बिघडत नाही. सर्जनला हे विचार: अशा किती केल्यात, दुर्बीण घालता का, चीर कुठे देता. काहीजण गळ्याच्या वळीत देतात, काहीजण हनुवटीखाली, जिथे ती सावलीत राहते. आणि तुझ्या कान टोचल्याच्या जागी किंवा लशीच्या जागी व्रण फुगून वर आलाय का ते स्वतःहून सांग. आपल्याकडच्या कातडीला ती खोड असते, आणि गळ्यावर फुगलेला व्रण कंठमण्याहून जास्त दिसेल.

लग्नाआधी नको याचं कारण साधं आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गिळताना दुखतं, आवाज बसतो, सूज उतरायला आठवडे लागतात, आणि व्रण फिका पडायला कित्येक महिने. सहा आठवड्यांनी मांडवात तू ताजा, लालसर व्रण घेऊन उभी राहशील, आणि तेव्हा मात्र काकूंचा प्रश्न खरोखर घशाबद्दल असेल.

तोवर आवाजाचं काम सुरू कर. फोनवर आणि क्लासच्या दारापलीकडून माणसं आपल्याला आवाजानेच ओळखतात, तिथे गळा दिसतच नाही. पुरुषांचा बोलण्याचा सूर साधारण १२० हर्ट्झच्या आसपास असतो, बायकांचा २०० च्या, पण नुसती पट्टी चढवली की आवाज चिरका होतो आणि घसा बसतो. आवाज छातीत घुमतो की तोंडात पुढे, वाक्याच्या शेवटी सूर कुठे जातो, हे स्पीच थेरपिस्टकडून शिकायचं असतं. मुंबईला जाणं झालं तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी कर. व्हिडिओ बघून तासन्‌तास घसा ओढू नकोस. आणि पुढेमागे आवाजाची शस्त्रक्रिया करायचा विचार असेल तर कंठमण्याच्या सर्जनला आधीच सांग, दोन्हीचा आराखडा एकत्र लागतो.

एक ओळ तू शेवटी खोडली आहेस, पण मला वाचता आली: ‘हे केल्याशिवाय मी पूर्ण बाई होईन का?’ १५ एप्रिल २०१४ च्या, पारलिंगी माणसांच्या हक्कांवरच्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ म्हटलं, की लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं अनैतिक आणि बेकायदा आहे. न्यायालयाने जे मागितलं नाही ते तू स्वतःकडे मागू नकोस.

लपवणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. रात्रीची एसटी, अनोळखी गाव, रस्त्यावरची टवाळ पोरं, तिथे ओढणी गळ्यावरून घे आणि सुखरूप घरी ये. धाडस दाखवायला जागा शोधू नकोस. वर्गात स्कार्फ काढायचा तर आधी लहान तुकडीपुढे, एका तासापुरता काढून बघ. फळ्यावर लिहिताना मान वर ताणू नकोस, जरा खालच्या ओळीपासून सुरुवात कर. मान मागे गेली की तो पुढे येतो.

आता लग्न. काकूंना उत्तर तयार ठेव, लहानसं. ‘काही नाही काकू, बरीय मी. तुमचा गुडघा कसाय?’ बहुतेकींना गुडघ्यावर बोलायला जास्त आवडतं. फोटोवाल्याला सांग कॅमेरा डोळ्यांच्या जरा वर धर. पावडर-फाउंडेशनने सावली द्यायची तर टोकावर गडद, न चमकणारी छटा, अगदी हलकी, कारण मांडवात घाम येणार आहे.

आणि ठुशी. वर्षभर न बोललेल्या आईने कपाट उघडलं आणि आपल्या गळ्यातला दागिना लेकीपुढे ठेवला. ती काय म्हणाली आहे ते तुला कळलंय, म्हणूनच तू रडलीस. तू ती गळ्याशी आवळून लावलीस, त्यामुळे तिची वरची कड बरोबर कंठमण्याखाली आली आणि त्याला जणू फळी मिळाली. ठुशीला मागे दोरी असते ती कशाला? सैल सोड. गळ्याच्या मुळाशी, दोन हाडांमधल्या खळीत उतरू दे, खाली एक लांब मोहनमाळ घाल म्हणजे नजर तिच्याबरोबर खाली जाईल. कानात जरा मोठे झुमके. ब्लाउजचा गळा खोल, पानाच्या आकाराचा शिव, बंद गळा नको. मोहनमाळ आईकडे नसेल तर तिलाच विचार कुणाकडे आहे. त्या निमित्ताने ती चार बहिणींना फोन करील आणि सांगेल की अन्वीला हवीय.

लग्नाच्या आठवडाभर आधी एकदा साडी नेसून बघ. आईला मागे उभी कर आणि दोरी तिलाच बांधायला सांग, दोन बोटं सहज आत जातील इतकी सैल. बांधून झाली की तशीच तिच्यासमोर बसून जेव.

– ताई