कॅमेलिया लावताय? आधी मातीचं बघा

ताई, कॅमेलियाचं फुलझाड लावायची तुमची हौस मस्तच आहे, फक्त इंदूरच्या काळ्या मातीत कॅमेलिया थेट लावू नका. ही चहाच्याच कुळातली, जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, हिला आम्ल माती लागते, पीएच (मातीची आम्लता मोजायचं माप, 7 च्या खाली म्हणजे आम्ल) साधारण 5.5 ते 6.5, आणि आपली माळव्याची माती अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, वर पाणी धरून बसणारी. म्हणून कुंडीच घ्या, त्यात कुजलेल्या पानांचं खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे).

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- राख, चुना, अंड्याची टरफलं घालणं. यांनी माती आणखी अल्कलाइन होते, अजिबात नको.
- बोअरचं जड पाणी रोज देणं. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या की बहुतेक लोह मिळत नसतं, तेव्हा पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवा आणि तेच द्या.
- रोप खोल पुरणं. मुळं बारीक आणि अगदी वरवर असतात, खुरपंसुद्धा चालवू नका, वाळक्या पानांचा थर द्या.

सकाळचं कोवळं ऊन चालेल, मे महिन्यातली लू, म्हणजे गरम झळा, मात्र नाही. कळ्या धरल्यावर माती सुकली की कळ्या गळतात, तेवढं जपा. वर्षात वीतभर वाढली तरी खूश व्हा, घाईने युरिया टाकू नका. छाटणी, कलमं सगळं नंतर बघू, आधी पहिला उन्हाळा काढू दे तिला.