आरसी बुकात ‘विलीज १९४४’ लिहिलंय, म्हणजे जीप अमेरिकेत बनलेलीच का?

तुम्ही विचारलंय की एक लो बॉनेट जीप विकायला आहे, आरसीवर ‘विलीज, १९४४’ अशी नोंद आहे, विकणारा ती युद्धातली अमेरिकन जीप म्हणून भाव सांगतोय आणि गावातला मेकॅनिक म्हणतो की ही महिंद्राच आहे. कोणाचं खरं मानायचं आणि किमतीत कितपत फरक पडतो?

दोघांचंही ऐकू नका, चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा बघा. जीपच्या बाबतीत बॉनेट, जाळी, काच, इंजिन, गिअरबॉक्स सगळं बदलता येतं आणि आपल्याकडे बदललेलं असतंच. आरसीवरचा ‘विलीज’ हा शब्द तर फारच कमी सांगतो. युद्धानंतर लष्कराने डिस्पोजलमध्ये विकायला काढलेल्या जीपही विलीज, महिंद्राने विलीजच्या परवान्यावर मुंबईत जोडलेल्या आणि पुढे इथेच बनवलेल्या जीपही बोलीभाषेत विलीजच. नोंद करणाऱ्यानेही तेच लिहिलं.

आधी घराणं समजून घ्या. युद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली: टोलेडो शहरातल्या विलीजने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’. दोन्ही अमेरिकन, दोन्ही १९४५ पर्यंतच्या. त्यानंतरची नागरी मालिका म्हणजे ‘सीजे’. तिच्यातली १९५३ ची सीजे-३बी आपली हाय बॉनेट. नव्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. महिंद्राची ओळख झाली ती याच मॉडेलमुळे. आता गंमत अशी की एमबी आणि सीजे-३बी या दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंचच. म्हणून सीजेच्या चासीवर लो बॉनेट बॉडी सहज बसते आणि टेप लावून काही कळत नाही.

पहिली खूण उभ्या उभ्या दिसते. मागच्या चाकाच्या मधोमध बघा. एमबी आणि जीपीडब्ल्यूचा मागचा अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग असतो, म्हणजे हबवर सहा बोल्टांची गोल फ्लँज बाहेर आलेली दिसते, अगदी पुढच्या चाकासारखी. सीजेमध्ये (अगदी सुरुवातीच्या काही सीजे-२ए सोडल्या तर) मागचा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग असतो. तिथे फ्लँज नसते, टोपीखाली शाफ्टच्या टोकाला एक मोठा नट असतो. पुढचं आणि मागचं चाक मधोमध वेगळं दिसलं, तर मागचा अ‍ॅक्सल तरी युद्धातला नाही.

मग मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो मोजा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गाडीखालचा लांब प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते. युद्धातल्या जीपचा ४.८८, सीजेचा साधारणपणे ५.३८. जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना उटी लावा, गिअर आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) दोन्ही न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. हा ब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टलाच धरतो, त्यामुळे लावलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा आणि चाक बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शियल दोन फेऱ्यांचा एक करतं. शाफ्टचे पाच फेरे पूर्ण व्हायला थोडं कमी पडलं तर ४.८८, पाच होऊन वर आणखी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त फिरला तर ५.३८. गाडीखाली जाण्याआधी अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका.

आता चासी. पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या खाली, दोन रेल (चासीचे लांब उभे दांडे) जोडणारा आडवा क्रॉसमेंबर बघा. विलीज एमबीचा तो गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा. फक्त यू आकार बघून फोर्ड म्हणू नका, बाकीच्या खुणाही जुळायला हव्यात. नंबर कुठे आहे तेही वेगळं. एमबीचा नंबर एका छोट्या पाटीवर असतो आणि ती डाव्या रेलच्या पुढच्या टोकाला, आतल्या बाजूने रिव्हेट केलेली असते. फोर्डचा नंबर डाव्या रेलच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिन माउंटच्या आसपास, थेट पंच केलेला असतो आणि तो ‘जीपीडब्ल्यू’ या अक्षरांनी सुरू होतो. तिथे रंगाचे आठ-दहा थर असतात. पेंट रिमूव्हर लावून लाकडी पट्टीने खरवडा, ग्राइंडर अजिबात नको. एका फटक्यात गाडीची ओळख जाते, ती परत येत नाही. टॉर्च तिरका धरला की अंक उठून दिसतात. आजूबाजूचं लोखंड खोलगट घासलेलं, वेल्डिंगचा थर किंवा अतिच सरळ रेषेतले ताजे अंक दिसले तर तिथेच थांबा.

स्टिअरिंगची बाजूही बोलते. युद्धातल्या जीप लेफ्ट हँड होत्या. आज राइट हँड असली तरी डाव्या रेलवर स्टिअरिंग बॉक्सची जुनी भोकं आणि उजवीकडे नंतरचं काम दिसायला हवं. पेट्रोलची टाकी मुळात डाव्या सीटखाली, तिच्यासाठी बॉडीचा तळ तिथे खोलगट असतो.

फसवणाऱ्या खुणाही आहेत. युद्धातल्या दाबीव जाळीला नऊ खाचा आणि सीजेला सात, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच नऊ खाचांची नवी जाळी बसवलेली असते. त्यापेक्षा हेडलाइट बघा: मूळ गाडीत ते लहान, जाळीच्या आत असतात आणि बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनावर उजेड टाकता येतो. डॅशवरच्या पितळी पाट्या नव्या विकत मिळतात, त्यांना पुरावा मानू नका. फोर्डच्या बोल्टांवर वळणदार ‘एफ’ असतो, पण दोन्ही कंपन्यांचे भाग मुद्दामच एकमेकांना बसतील असे होते आणि लष्करी दुरुस्तीत ते सर्रास मिसळले. एमबीवर दहा-वीस फोर्डचे बोल्ट ही फसवणूक नाही, तो तिचा इतिहास आहे. शिवाय १९४४ च्या सुमारापासून दोघांनाही एकसारखीच बॉडी लागली, त्यामुळे तुमच्या सालाच्या गाडीत बॉडीवरून कंपनी ठरत नाही.

इंजिन शेवटी बघा. मूळ इंजिन २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, बाजूला ब्लॉकमध्ये. नंबर उजव्या बाजूला पुढे, ऑइल फिल्टरच्या मागे ब्लॉकवर असतो. हेडवरच कार्बोरेटर बसलेला असेल तर ते हाय बॉनेटचं इंजिन. डिझेल असेल तर प्रश्नच मिटला.

किमतीबद्दल. सर्वांत जास्त मान सुरुवातीच्या, पट्ट्या वेल्ड केलेल्या जाळीच्या एमबीला आणि मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव दाबलेल्या १९४२ पर्यंतच्या गाड्यांना. त्यानंतर चासी, इंजिन आणि कागद जुळणारी कोणतीही एमबी किंवा जीपीडब्ल्यू. फ्रान्समध्ये हॉचकिसने बनवलेली एम२०१ दिसायला तशीच, पण २४ व्होल्टची, आणि युरोपात तिचा भाव अमेरिकनपेक्षा कमी. आपल्याकडची न कापलेली, कागद स्वच्छ असलेली महिंद्रा सीजे-३बी ही स्वतःच्या नावाने मोलाची गाडी आहे, आणि तिचे भागही सहज मिळतात. कमी किंमत द्यायची ती सोंग घेतलेल्या गाडीला: सीजेची चासी, नवा लो बॉनेट पत्रा, डिझेल इंजिन. ती चालवायला छान असेल, पण १९४४ चा भाव तिला देऊ नका.

हे कागदावरही अडतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून बयाणा देण्याआधी चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या, आरटीओतून गाडीचे पर्टिक्युलर्स काढा आणि दोन्ही अंकन् अंक जुळवा. जुन्या आरसीत कधी कधी चासीच्या रकान्यात इंजिन नंबर चढलेला असतो. तसं असेल तर दुरुस्ती गाडी विकणाऱ्याच्या नावावर असतानाच करून घ्या, उरलेले पैसे नंतर.