तालमीत जाणाऱ्या मुलाच्या मानेला आणि डोक्याला मार लागू नये म्हणून काय करावं?

तुमचा मुलगा १३ वर्षांचा, दोन वर्षं तालमीत जातो, सुट्टीत क्रिकेट खेळतो, आणि तुम्ही विचारलंय की त्याला मानेचा पट्टा घ्यावा की डोक्याला काही बांधावं. पट्टा घेऊ नका. औषधाच्या दुकानात मिळतो तो स्पंजचा पट्टा दुखऱ्या मानेला आराम देण्यासाठी असतो, पडणाऱ्या माणसाची मान त्यानं वाचत नाही. मॅटवर खेळणारी पोरं कानावर घालतात ते हेडगार्ड कान वाचवण्यासाठी. मार लागला की मेंदू कवटीच्या आत हिसका खातो, त्याला बाहेरून बांधलेलं काहीच अडवत नाही.

एवढं लिहून मी थांबलो असतो. पण तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: 'आमचे वस्ताद म्हणतात, मान लचकली तर मी बसवतो, घाबरायचं काही कारण नाही.' ते वाचून काल रात्री मला झोप लागली नाही.

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरच्या वाटेवर. भात निघालं, मळणी झाली, की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटलं की कुस्तीचं मैदान आलंच. फेब्रुवारी २००३ ची गोष्ट. माझा चुलतभाऊ तेव्हा १८ वर्षांचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आम्ही दोघंही मामांच्या तालमीतले. मामा म्हणजे माझे सख्खे मामा आणि वस्तादही. त्या दिवशी धाकट्याची जोड निपाणीकडच्या एका पोराशी ठरली होती. सलामी झाली, चार-पाच मिनिटं खडाखडी झाली आणि धाकटा पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला, शिरला. मान खाली घालून शिरला. समोरच्यानं पाय मागं घेतले आणि सगळं वजन त्याच्या पाठीवर टाकलं. त्यात त्या पोराचा काहीही दोष नाही, कुणीही तेच केलं असतं. धाकट्याचं डोकं टाळूवर मातीत गेलं. गेलं म्हणतोय, पण रुतलं नाही. भाताच्या शेतात दोन दिवसांत तयार केलेला हौदा तो. वर चार बोटं तांबडी माती, तेल-हळद घातलेली, दिसायला देखणी. खाली जमीन विटेसारखी.

मी हौद्याच्या कडेलाच होतो. धाकटा पालथा पडलेला, गाल मातीला टेकलेला, डोळे उघडे. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाला, "दादा, हाताला मुंग्या येऊलाल्यात." आवाज अगदी साधा होता. त्याच्या पापणीला माती लागली होती आणि ती पुसायला त्यानं हात उचलला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हलगी थांबली. पाचपंचवीस माणसं आत शिरली. कुणी पाणी ओतलं, दोघांनी काखेत हात घालून त्याला बसवलं. त्याची मान पुढं लोंबली. मामा आले, मागं गुडघे टेकून बसले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. गर्दीच्या बाहेरून एक माणूस ओरडत होता, "मुट्टब्याड्री! तली मुट्टब्याड्री!" बैलहोंगलकडचा होता, लष्करात जखमींच्या शुश्रूषेच्या कामावर. सुट्टीवर आला होता आणि पाहुण्यांकडून जत्रेला आला होता, हे मला नंतर कळलं. 'हात लावू नका, डोक्याला हात लावू नका.' भाषा कळली नाही असं कुणी म्हणू नये. आमच्या भागात एवढं कानडी लहान पोरालाही येतं. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. पण वस्तादाला मैदानात हात आवरायला सांगणारा परका माणूस कोण, असं वाटलं. मलाही तसंच वाटलं. मी धाकट्याचे पाय दाबून धरले होते, हलू नयेत म्हणून.

मामांनी मान आधी डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवली. कट्‌ असा आवाज आला. मामा म्हणाले, "बसली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेताच्या बांधावरून ट्रॅक्समध्ये आडवा घालून, डोकं माझ्या मांडीवर ठेवून आम्ही त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गटारापाशी गाडी आदळली तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. मानेचा पाचवा मणका सहाव्यावर सरकला होता. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसवले. पाय परत आले, हळूहळू. आज तो चालतो, फक्त उतारावर जपून. हात मात्र पूर्ण आले नाहीत. उजव्या हाताची मूठ वळत नाही. विळा धरता येत नाही, शर्टाचं वरचं बटण बायको लावते.

मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मी मान सरळ केली म्हणून पोर जिवंत राहिलं." मी म्हणायचो, तुम्ही फिरवली म्हणून हात गेले. आता मामा नाहीत. तालीम त्यांचा मुलगा चालवतो आणि गेल्याच वर्षी एका लग्नात जेवणाच्या पंगतीत तो मला म्हणाला, "आण्णांनी शेकडो माना बसवल्या, एकाचं वाईट झालं तर तू वीस वर्षं धरून बसलायस." होय, धरून बसलोय. त्या शेकडो माना लचकलेल्या होत्या, दोन दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या असत्या. लचकलेली कुठली आणि मोडलेली कुठली हे हाताला कळत नाही. फोटो काढल्याशिवाय डॉक्टरलाही कळत नाही. मग वस्तादाला कसं कळतं, एवढंच मी विचारतो, आणि त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. मानेत सात मणके असतात आणि सरळ उभं असताना त्यांना मागच्या बाजूला एक बाक असतो. तो बाक आहे तोवर मान धक्का झेलते, आजूबाजूचे स्नायू वाटून घेतात. मान थोडी खाली घातली की बाक जातो, सातही मणके काठीसारखे एका ओळीत येतात, आणि त्या अवस्थेत टाळूवर आघात झाला की स्नायूंना झेलायला काही उरत नाही. काठी मधेच मोडते. अमेरिकेतल्या त्यांच्या फुटबॉलमध्ये पोरं हेल्मेट आहे म्हणून डोक्यानंच धडक मारायची. १९७६ साली डोकं पुढं करून धडक मारायला नियमानं बंदी आली. त्या मोसमात मान मोडून हातपाय कायमचे गेलेले खेळाडू ३४ होते, पुढच्या मोसमात १८. हेल्मेट तेच होतं, फक्त डोकं वर आलं.

म्हणून पट काढायला शिरताना डोकं वर आणि डोळे समोरच्याच्या छातीवर. ज्याला आपण धडकणार ते दिसलंच पाहिजे. आणि स्वतः उचलून मागं टाकला गेलास तर उलट, हनुवटी छातीला लावायची आणि पाठीच्या वरच्या भागावर पडायचं, हात मागं टेकवायचा नाही. ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि पोरांच्या डोक्यात ती एक होतात. तुमच्या वस्तादांना विचारा, पडायला किती दिवस शिकवलं? आमच्याकडे एक दिवसही शिकवलं नव्हतं. पाडायलाच शिकवलं. कबड्डीतही हेच. कोपऱ्यातला गडी मान खाली घालून मांडी धरायला जातो आणि गुडघा टाळूवर येतो.

मान मजबूत करायला हाताचा तळवा कपाळाला लावून डोक्यानं ढकलायचं, मान न हलवता दहापर्यंत मोजायचं, मग दोन्ही बाजूंनी आणि मागून तसंच. पाय आणि डोकं टेकून अंगाची कमान करायची, म्हणजे डोक्यावर पूर्ण वजन घेऊन पूल करणं, १३ वर्षांच्या पोराला लावू नये असं माझं ठाम मत आहे, वस्ताद काहीही म्हणोत. आणि तालमीत गेलात की हौद्यात स्वतःचा हात खुपसून बघा. मनगटापर्यंत सहज गेला पाहिजे. माती रोज उकरली नाही तर ती महिन्याभरात फरशी होते.

डोक्याचं थोडक्यात सांगतो. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झालं नाही, हे साफ चूक आहे. मेंदूला हिसका बसलेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. पोरगा गोंधळलेला दिसला, तोच प्रश्न परत परत विचारू लागला, डोकं दुखतंय किंवा उजेड सहन होत नाही म्हणाला, तर त्या दिवशी परत मातीत उतरायचं नाही. एक कुस्ती राहिली तरी चालेल. पहिला हिसका बरा होण्याआधी दुसरा बसला तर जीव जाऊ शकतो. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणं, झटका, जागं करूनही गुंगीत जाणं, हातापायाला मुंग्या, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. पुन्हा सुरुवात करताना आधी चालणं, मग पळणं, मग एकट्याचा सराव, आणि जोड सगळ्यात शेवटी, तीसुद्धा डॉक्टरनं होय म्हटल्यावर. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, पोरांना त्याहून जास्त.

क्रिकेटमध्ये लेदरचा चेंडू असेल तर नीट बसणारं हेल्मेट आणि मागं मानेला झाकणारा जोड हवाच. २०१४ साली सिडनीत फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेच्या बाजूला, आणि दोन दिवसांत तो गेला. टेनिसचा चेंडू असेल तर ही चिंता सोडा.

पण माझा खरा मुद्दा पट्ट्याचा नाही आणि पुलाचाही नाही. २०१८ साली शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात जत्रेच्या मैदानात मानेला मार लागून एक तरुण पैलवान गेला, त्या वेळी महिनाभर सगळीकडे चर्चा झाली आणि पुढच्या हंगामात आमच्याकडच्या मैदानांत इनामं वाढली, जखमीला मान न हलवता उचलायची फळी एकही आली नाही. एका मोठ्या जोडीच्या इनामात दहा मैदानांच्या फळ्या होतील. जत्रा कमिटीला हे मी लेखी दिलंय, तोंडी सांगितलंय, एकदा माइक घेऊन बोललोय. पडलेल्या पैलवानाला उचलायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. एकानं डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही तळवे कानांवर ठेवून डोकं आहे तसं धरून ठेवायचं आणि १०८ ची गाडी येईपर्यंत सोडायचं नाही. पालथा असेल आणि फिरवावाच लागला तर तिघांनी खांदा, कंबर आणि गुडघे धरायचे, डोक्याकडचा एक-दोन-तीन म्हणेल तेव्हाच ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम वळवायचं आणि पाचव्यानं फळी सरकवायची. श्वासच चालत नसेल तर मात्र मानेची वाट बघत बसायचं नाही. मान न वाकवता जबडा पुढं उचलून श्वासाचा मार्ग मोकळा करायचा, तरीही श्वास नसेल तर छाती दाबायला लागायचं.

दोन गोष्टी मी आधीच लिहायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही, माझं खताचं दुकान आहे. आणि धाकट्याचे हात पडताना गेले की मामांच्या हातानं गेले हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. ते म्हणाले, "पडताना किती आणि उचलताना किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." मी मामांशी भांडताना हे वाक्य कधी बोललो नाही. कुस्ती सोडवू नका तुमच्या पोराची. माझा मुलगाही तालमीत जातो, मामांच्या नव्हे, दुसऱ्या.

तुमच्या वस्तादांकडे जा, चारचौघांत नको, एकट्यात. त्यांचा मान राखून सांगा की माझ्या पोराची मान काही झालं तरी बसवायची नाही, फक्त धरून ठेवायची. ते हसले तर तालीम बदला.

गेल्या तीन हंगामांपासून जत्रेआधीच्या रविवारी सकाळी आम्ही गावातल्या पोरांना हे उचलणं शिकवतो. फळी माझ्या पैशांची आहे, सुताराकडून करून घेतली, दोन्ही बाजूंना हात घालायला खाचा ठेवल्या. हौद्यात पालथा पडतो धाकटा. डोळे मिटून, गाल मातीला लावून. पोरं त्याला वळवतात आणि डोकं जरासं जरी मागं राहिलं की तो डोळे न उघडता म्हणतो, "हाललं." मग पोरं परत पहिल्यापासून करतात.