खाजकुइलीवर अ‍ॅलर्जीची गोळी का चालत नाही?

प्रश्न : काजूच्या बागेत साफसफाई करताना हाताला खाजकुइली लागली. सेटिरिझिन घेतली, तरी खाज हटेना. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, मग दुप्पट सुटते. असं का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामिन या खाज उठवणाऱ्या रसायनाला अडवते, आणि खाजकुइलीची खाज हिस्टामिनमुळे उठतच नाही. डास चावला किंवा अंगावर पित्त उठलं की त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. तिथे ही गोळी उपयोगी पडते. खाजकुइलीच्या शेंगेवरच्या कुसळांत मात्र म्युकुनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ते मज्जातंतूंवरच्या पार-२ आणि पार-४ या ग्राहींचं (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचं) टोक छाटतं आणि छाटल्यावर उघडं पडलेलं नवं टोकच ग्राही चालू करतं. हा संदेश नेणारे तंतूही हिस्टामिनच्या खाजेच्या तंतूंहून बहुतांशी वेगळे. दोन्ही मात्र मुख्यतः ‘सी’ जातीचे, मायलिनचं आवरण नसलेले, म्हणून संथ : सेकंदाला साधारण एक मीटर. घोट्याची खाज मज्जारज्जूपर्यंत पोचायलाच सेकंदभर लागतो.

नखाने होणारी वेदना मज्जारज्जूतल्या रोधक पेशींना जागं करते आणि त्या खाजेचा संदेश दाबतात. वेदना ओसरली की दाबही गेला. त्यात नखांनी कुसळं खोल रुततात, पसरतात.

म्हणून आधी हात चोळू नका. चिकटपट्टी त्वचेवर दाबून झटक्यात ओढा. दर वेळी नवी पट्टी, चार-पाचदा. मग साबण आणि गार पाण्याने धुवा, दहा मिनिटं गार फडकं ठेवा. कपडे वेगळे धुवा. डोळ्यात कुसळ गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : खाज म्हणजे सौम्य वेदनाच ना?

उत्तर : पूर्वी तसं मानत. पण मणक्यात दिलेलं मॉर्फिन वेदना थांबवतं आणि पुष्कळांना खाज आणतं. 2007 साली उंदरांच्या मज्जारज्जूत जीआरपीआर हा ग्राही खाजेसाठी महत्त्वाचा असल्याचं दिसलं. तो नसलेले उंदीर कमी खाजवत, वेदना मात्र त्यांना नेहमीसारखीच होई. पित्तप्रवाह अडल्यावर किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यावर सुटणारी खाजही हिस्टामिनवर फारशी अवलंबून नसते. पुरळ नसताना अंगभर खाज सहा आठवडे टिकली, तर गोळ्या बदलत बसण्याऐवजी यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या करून घ्या.