इंग्रजीतल्या 'टी-एच'चा उच्चार कुठं थ करायचा आणि कुठं द?

खरं सांगू का, आपला थ आणि आपला द, दोन्ही त्यात बसत नाहीत. घोळ तिथूनच सुरू होतो.

आमच्या परभणीकडच्या शाळेत सरांनी 'थिंक'ला थ आणि 'दॅट'ला द सांगितला. तेवढ्या भांडवलावर मी पुण्यात अमेरिकी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसलो. पहिल्याच आठवड्यात एका बाईंना ऑर्डरचा नंबर सांगितला, त्यात दोनदा थ्री. बाई विचारतात, "ट्री?" मी आणखी जोर लावून थ्री म्हटलं, तर त्यांना ट्री आणखी ठसठशीत ऐकू गेलं!

आपल्या थला जीभ वरच्या दातांना चिकटते, हवा पुरती अडते आणि मग सुटते. तोंडासमोर तळहात धरून 'थाळी' म्हणा, फटकन झोत लागेल. त्यांच्या आवाजात हवा अडतच नाही, जीभ आणि दातांच्या फटीतून घासत जाते. म्हणून जोर लावला की आपला थ जास्तच थ होतो.

हे अवघड वाटतं, पण फच्या बाबतीत आपल्यातल्या कित्येकांनी हे न शिकवता केलंय. माझी आजी 'फूल' म्हणताना दोन्ही ओठ मिटायची. माझी लेक खालच्या ओठाला दात टेकवून नुसती हवा सोडते. फचं जे ओठांवर झालं, तेच थचं जिभेवर करायचं. लांबलचक स्सस्स म्हणा, आणि तो न तोडता जिभेचं टोक हळूहळू पुढं सरकवत दातांच्या मधोमध आणा. शिट्टी जाऊन फुसफुस उरली की 'थिंक'चा आवाज सापडला. आता जीभ तिथंच ठेवून गळ्यातून आवाज काढा. कंठावर बोट ठेवलं तर भुणभुण जाणवेल. हा 'दॅट'चा.

कुठं कोणता? दिस, दॅट, दे, देअर, दो असल्या बारक्या, सतत लागणाऱ्या शब्दांच्या सुरुवातीला भुणभुणणारा. थिंक, थिन, थर्सडे अशा वजनदार शब्दांना फुसफुसणारा. मधे आला तर मदर, ब्रदर, वेदरमध्ये भुणभुण, पण मेथड, ऑथर असल्या ग्रीक-लॅटिन घराण्यातल्या शब्दांत फुसफुस. 'ब्रेथ' म्हणजे श्वास, तो फुसफुसतो. 'ब्रीद' म्हणजे श्वास घेणं, ते भुणभुणतं. थॉमस आणि थेम्स नदीत मात्र सरळ ट आहे, स्पेलिंगच्या नादी लागू नका.

रोज दहा मिनिटं आरशासमोर बसा, जिभेचं टोक किंचित दिसलं पाहिजे. मला महिनाभर लागला. अजूनही घाईत 'मंथ्स' म्हणताना माझा सगळा थ गळून पडतो. आणि गावाकडच्या ओळखीत, इथल्या मुलाखतीतसुद्धा, साधा थ-द खुशाल चालवा, सगळ्यांना कळतं. मी एकदा सुट्टीत घरी जीभ काढून 'थँक्यू' म्हणालो, तर मायनं विचारलं, "काय रे, तोंड आलं का?"