आधी आईशी बोला, अपॉइंटमेंट नंतर घ्या

तुमच्या भाच्याला पाचव्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं, त्याचा रिपोर्ट वाचताना स्वतःचंच वर्णन वाचतोय असं वाटलं, रात्री जागून रॅड्स-आर नावाची ऑटिझमची प्रश्नावली भरलीत आणि १३१ गुण आले. आता ३६व्या वर्षी मुंबईत कुठे जायचं, तिथे काय विचारतात, आणि आई म्हणते तसं "लग्न झालं, पोर झालं, आता हे कसलं खूळ" असंच तर नाही ना, हा तुमचा प्रश्न. मी ४२ वर्षांची. माझं निदान ३९व्या वर्षी झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या १३१ला फार कवटाळू नका. ती ८० प्रश्नांची प्रश्नावली मुळात तज्ज्ञाच्या समोर बसून भरण्यासाठी केलेली आहे. ६५च्या वर गेलं की पुढे तपासावं, एवढाच तिचा अर्थ. चिंतारोग, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलता) असलेल्यांचेही गुण बऱ्याचदा वर जातात. दुसऱ्या एका प्रश्नावलीत पार्टीपेक्षा लायब्ररी बरी वाटते का, असं विचारलंय. मी अर्धा तास अडकले होते, कुठली लायब्ररी आणि कोणाची पार्टी, हे कळल्याशिवाय उत्तर देणार कसं? (हसू नका, तुम्हीही अडकला असाल.)

अशा चार प्रश्नावल्या भरून, प्रिंट काढून, फाइल लावून मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "पहिलीत डबा कोणाबरोबर खायचात?"

मोठेपणीच्या तपासणीचं मर्म तिथेच आहे. ऑटिझम तिशीत 'होत' नाही. खुणा लहानपणापासून असाव्या लागतात. निदानाचे २०१३पासूनचे निकष असंही मान्य करतात की त्या खुणा लहानपणी पूर्ण दिसतीलच असं नाही. जगाच्या अपेक्षा झेपेनाशा झाल्या की उघड होतात, आणि मोठेपणी शिकलेल्या युक्त्यांखाली झाकल्याही जातात. त्यामुळे समोरचा माणूस तुमच्या आजच्या अडचणी ऐकतोच, पण खरं खोदकाम बालपणात करतो. तिथे दाखवायला काही नसेल तर कितीही मोठा आकडा नेऊन उपयोग नाही.

हे न कळल्यामुळे त्याआधीची माझी पहिली खेप वाया गेली होती. एका मनोविकारतज्ज्ञांनी दहा मिनिटांत निकाल दिला, "नोकरी करता, संसार करता, डोळ्यांत बघून बोलता, मग ऑटिझम कसला?" मी त्यांच्या डोळ्यांत बघतच नव्हते, दोन भुवयांच्या मधे बघत होते. कॉलेजात असताना शिकलेली युक्ती. पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, फी भरून घरी आले आणि पुढची दोन वर्षं गप्प बसले.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे त्या मॅडमकडे, आईला बरोबर नेलं. आम्ही गिरगावातल्या चाळीतले. आईने पहिली वीस मिनिटं एकच पालुपद लावलं, "फार शहाणी होती हो, काही त्रास म्हणून दिला नाही." मी मनात म्हटलं, झालं, बुडाले. मग मॅडमनी विचारलं, गणपतीत काय करायची? आई लगेच म्हणाली, "गणपतीत ना? पोटमाळ्यावर. आरतीच्या झांजा सुरू झाल्या की कानात कापसाचे बोळे घालून वर जायची ती पाच दिवस वरच. ताट वर द्यायचो आम्ही." वर काय करायची? "जुनी कालनिर्णयं घेऊन बसायची. कुठल्या महिन्यात संकष्टी कुठल्या वारी, चंद्रोदय किती वाजता, सगळं पाठ. शेजारपाजारच्या बायका तिलाच विचारायच्या." चाळीत त्याचं कौतुकच व्हायचं, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. मॅडम मात्र भराभर लिहून घेत होत्या.

आईच्या शब्दकोशात 'शहाणी' म्हणजे जिचा आवाज येत नाही ती. म्हणून तुमच्या आईला "मी वेगळा होतो का?" असं विचारू नका, उत्तर "छे" असंच येईल. ऑटिझम हा शब्दही इतक्यात नको. प्रसंग विचारा. बोलायला कधी लागलो, न्हावी आला की काय व्हायचं, दिवाळीचा नवा शर्ट टोचतो म्हणून काढून टाकायचो का, गावी गेल्यावर झोपायचो का, एकच भाजी किती दिवस खाल्ली. आठवेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. आई यायला तयार नसेल तर मोठी बहीण, मावशी, कोणीही चालेल.

आता कुठे जायचं. निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतो, समुपदेशक नाही. सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते बघा. मुंबईतली बरीच केंद्रं लहान मुलांसाठी आहेत, म्हणून फोनवरच विचारा, मोठ्यांची तपासणी करता का आणि आतापर्यंत किती केल्यात? उत्तर चाचरत आलं तर पुढचा नंबर लावा. केईएम, सायन, नायर, जेजे या पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. खर्च अगदी कमी, पण सकाळी केसपेपरची रांग, बऱ्याच खेपा आणि दर खेपेला डॉक्टर तेच असतील याची खात्री नाही. खासगीत माझ्या तीन बैठका झाल्या, एकूण साधारण सहा तास, आणि खर्च पाच आकडी. फीमध्ये लेखी रिपोर्ट धरलाय का, ते आधीच विचारून घ्या.

बैठकांत मुलाखतीखेरीज एडॉस नावाची चाचणी झाली. त्यात गप्पा असतात, चित्रं बघून गोष्ट सांगायची असते. गोष्ट चांगली झाली की नाही यापेक्षा तुम्ही ती कशी सांगता, याकडे लक्ष असतं. तयारी करून जाऊ नका. मुख्य म्हणजे एरवीचं सोंग त्या दिवशी घरी ठेवा. चिंतारोग, नैराश्य, एडीएचडी हेही तपासतात. माझ्या रिपोर्टात चिंतारोगही निघाला, आणि खरं सांगायचं तर औषधाचा उपयोग त्याच्यासाठी झाला. ऑटिझमवर गोळी नसते.

रिपोर्ट म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. तिथे ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. गुण ४० ते २००, आणि ७०च्या खाली असाल तर ऑटिझम धरत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखी घडाघडा बोलणारी माणसं तिथे कमी पडू शकतात. सरकारी नोकरीतलं आरक्षण किंवा आयकरातली सवलत हवी असेल तर जरूर प्रयत्न करा. मी त्या वाटेला गेले नाही.

मग मला मिळालं काय? ऑफिसात प्रिंटरशेजारची जागा बदलून मागितली, कारण न सांगता, आणि मिळाली. संध्याकाळी फास्ट लोकल सोडून दादरला स्लो पकडते, वीस मिनिटं जास्त जातात पण मुलुंडला माणसासारखी उतरते. घरात शिरल्यावर अर्धा तास नवरा माझ्याशी बोलत नाही आणि आता त्यावरून भांडणही होत नाही.

आईला मात्र मी घाबरून होते. "माझं काही चुकलं का" असं विचारेल, असं वाटत होतं. रिपोर्ट घेऊन निघालो, टॅक्सीत ती चर्नी रोडपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "तो पोटमाळा आधी माझा होता. तू व्हायच्या आधी मीच बसायचे तिथे."

तुमची आई कधी बोलती होईल ते सांगता येत नाही, तोवर माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. चौथीपर्यंतची आधी काढा, तेव्हा एकच बाई वर्षभर शिकवायच्या आणि शेरे मनापासून लिहायच्या. माझ्या तिसरीच्या पुस्तकात आहे, 'हुशार आहे, पण मधल्या सुट्टीत वर्गातच बसते.' मॅडमनी त्याची झेरॉक्स मागून घेतली होती.