आठवण नेमकी कुठे निसटते?

या वेळी कोल्हापूर परिसरातून आलेली बहुतेक पत्रे विसरण्याविषयीची आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगून ठेवतो. कोणतीही गोष्ट लक्षात राहण्यासाठी आधी तिची मेंदूत नोंद व्हावी लागते, मग ती पक्की व्हावी लागते आणि शेवटी हवी तेव्हा सापडावी लागते. आपण सरसकट ‘विसरलो’ म्हणतो, पण यांपैकी कोणत्या टप्प्यावर घोटाळा झाला, यावरच त्याची काळजी करायची की नाही हे ठरते.

प्रश्न : माझे वय ५२. महाद्वार रोडपर्यंत गेल्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, म्हणून परत घरी जावे लागते. गॅस बंदच असतो. स्वयंपाकघरात कशाला आले तेही कधी कधी सुचत नाही. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का? (मंगळवार पेठ)

तुम्ही लिहिले आहे त्यावरून तसे वाटत नाही. गॅस बंद करणे हे वर्षानुवर्षांच्या सवयीचे काम आहे. हात ते करतात तेव्हा मन पुढच्या कामात असते, त्यामुळे त्या दिवशीच्या कृतीची वेगळी नोंदच होत नाही. बटण फिरवताना ‘गॅस बंद केला’ असे मोठ्याने म्हणा. घरातले हसतील, पण उपयोग होतो. स्वयंपाकघरातला प्रकारही लक्ष विचलित होण्याचाच आहे. मन एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी धरून ठेवू शकते आणि वाटेत फोन वाजला की मूळ हेतू निसटतो. रजोनिवृत्तीच्या काळात रात्रीची झोप मोडत असेल, तर दिवसा लक्ष लागत नाही. तसे असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा.

प्रश्न : आजोबा ७८ वर्षांचे आहेत. साठ वर्षांपूर्वी खासबागेत झालेल्या कुस्त्या ते डावासकट सांगतात, पण ‘मी जेवलो का?’ हे तासाभरात चारदा विचारतात. घरातले म्हणतात, त्यांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली आहे. (शिवाजी पेठ)

घरच्यांचा हा समज फार ठिकाणी आढळतो आणि त्यामुळे तपासणीला उशीर होतो. जुन्या आठवणी शाबूत असणे हा स्मरणशक्ती चांगली असल्याचा पुरावा नव्हे.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यात मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या अवयवाचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण जवळपास रुजलीच नाही. लहानपणचे मात्र पुष्कळ आठवत होते. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला देत. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी तो हे काम आपण प्रथमच करत आहोत असे सांगत राहिला. यावरून दिसले की नव्या प्रसंगांची नोंद हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते, फार जुन्या आठवणी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, पसरून टिकतात आणि हातांचे कसब आणखी वेगळ्याच वाटेने साठते.

अल्झायमरमध्ये बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा भाग लवकर बिघडतो. म्हणून ऐन तारुण्यातली कुस्ती राहते आणि सकाळचे जेवण जाते. शिवाय दहा ते तीस या वयातले प्रसंग उतारवयात सर्वांनाच अधिक आठवतात, आणि तालमीच्या कट्ट्यावर अनेकदा सांगितलेली कुस्ती सांगण्यानेच पक्की झालेली असते.

तरीही पत्रावरून निदान करता येत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा आजार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, सर्दी-अॅलर्जीची जुन्या प्रकारची झोप आणणारी औषधे यांनीही असे होते आणि त्यांवर उपाय असतो. काही आठवड्यांपूर्वी आजोबा पडले होते का, हे घरात विचारा. वृद्धांमध्ये कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून गोंधळ वाढू शकतो. बिघाड झपाट्याने वाढला असेल तर वाट पाहू नका. सरकारी सीपीआर रुग्णालय असो वा खासगी मेंदूविकारतज्ज्ञ, जाताना ते घेत असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्या. पैशांचे व्यवहार चुकतात का, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते का, हेही नेमक्या उदाहरणांसह सांगा.

‘आत्ताच सांगितलं ना!’ असे म्हणून काही साधत नाही, कारण मागच्या उत्तराची नोंदच झालेली नसते. भिंतीवरच्या पाटीवर वार, तारीख आणि ‘दुपारचे जेवण झाले’ असे ठळक अक्षरांत लिहीत जा. गोळ्यांचा डबा मात्र घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात ठेवा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाणे हा यातला खरा धोका आहे.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत आले होते असे मी म्हणतो, धाकटा भाऊ म्हणतो, ते २०२१ साली. दोघांनाही खात्री आहे. खोटे कोण बोलते? (शाहूपुरी)

बहुधा कोणीच नाही. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर यान कोसळले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची हकिगत पार बदलली होती, पण खात्री दांडगी होती. त्यांच्याच अक्षरातला जुना कागद समोर ठेवूनही नवी आठवण हटली नाही.

तुमच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे, कारण दोन्ही पूर एकमेकांसारखेच होते : तीच पंचगंगा, तेच सामान माडीवर नेणे, शिरोलीजवळ तोच बंद पडलेला महामार्ग. अशा वेळी दृश्य लक्षात राहते, पण ते कोणत्या साली पाहिले हे निसटते. त्यात इतरांचे बोलणेही मिसळते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली. ‘गाड्या जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ असे ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी, सौम्य शब्दात विचारलेल्यांपेक्षा अधिक जणांना आठवड्यानंतर फुटलेल्या काचाही आठवल्या. फितीत काच फुटलेलीच नव्हती. तुम्ही तर दोन्ही वर्षे व्हॉट्सॅपवर शेजाऱ्यांचे व्हिडिओही पाहिले असणार.

राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीची नोंद सरकारी कागदात मिळेल, पण तिच्यावरून तुमची पायरी ठरणार नाही. दोघांच्या मोबाइलमधले फोटो तारखेसह पाहा, पंचनाम्याचा कागद शोधा; आणि ते करण्यापूर्वी एकमेकांशी न बोलता आपापले लिहून काढा. भिंतीवरचा डाग उंची सांगेल, साल सांगणार नाही.

प्रश्न : राजारामपुरीच्या अभ्यासिकेत रात्र-रात्र जागून एमपीएससीची पुस्तके चार-चार वेळा वाचतो. वाचताना सगळे येते, परीक्षेत काहीच आठवत नाही. (एक विद्यार्थी)

चौथ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. परीक्षा मात्र आठवून काढण्याची असते, आणि तिचाच सराव तुम्ही केलेला नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून एक प्रकरण झाले की पुस्तक बंद करा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडखळणे त्रासदायक वाटते, पण कामाचे तेच असते. हीच उजळणी उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने करा. एका बैठकीत कोंबण्यापेक्षा अंतर ठेवून केलेला अभ्यास अधिक टिकतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. जागरण बंद करा. दिवसभराच्या नोंदी पक्क्या होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, आणि तुम्ही नेमका तोच वेळ कापता आहात. पानभर रंगीत मार्कर फिरवण्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

प्रश्न : बदाम, ब्राह्मी किंवा बाजारातल्या स्मरणशक्तीच्या गोळ्या घ्याव्यात का? वय ६३. (कागल)

बदाम चांगला आहार आहे, पण त्यांनी विसरभोळेपणा जात नाही. गोळ्यांपैकी जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काची मोठी चाचणी अमेरिकेत तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झाली. २००८ साली निघालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, स्मृतिभ्रंश रोखण्यास जिन्कोचा उपयोग दिसला नाही. ब्राह्मी घेणार असाल तर चालू औषधांची यादी डॉक्टरांना आधी दाखवा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि कमी ऐकू येणे आहे. शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर गोळ्यांच्या पैशांत आधी कानांची तपासणी करून घ्या.